मेक याहची गिऱ्हाइकं

रोगायाह बिंती सालेह हे नाव तिच्या ओळखपत्रावर होतं, पुढं कंपनीच्या कागदांवरही आलं. पासिर लिंतांग गावात मात्र तिला सगळे मेक याह म्हणत. चाळिशी येईपर्यंत ती करोपोक करून विकत असे. मासळी कुटायची, पिठात मळायची, लांब वळकट्या उकडायच्या, काप करून उन्हात घालायच्या, आणि कोंबड्यांना हाकलत बसायचं. मासळीचा वास तिच्या हातांना कायमचा लागला होता. पुढं ती विम्याचे कागद घेऊन घरोघरी जायला लागली, तेव्हा मांजरं तिच्यामागून यायची.

तिचा नवरा दोलाह बाचोक ते कोता बारू बस चालवायचा. एकदा शहरातून एका विमा कंपनीचा माणूस त्यांच्या घरी आला. पायरीवर चपला काढून, नीट मांडी घालून बसला. दोलाहनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याला कॉफी पाजली आणि म्हणाला, "म्हणजे मी मेलो तर हिची चंगळ, आणि जगलो तर तुमची. माझ्या मरणावर तुम्ही दोघं पैज लावणार आणि हप्ते मात्र मी भरायचे. बरं जमवलंय तुम्ही!"

तो माणूसही हसला आणि कॉफी संपवून गेला.

त्यानंतर पाच वर्षांनी बाचोकच्या थांब्यावर दोलाहनं बस उभी केली, ब्रेक ओढला, आणि तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं होतं. मागं तीन मुलं. मशिदीत मयतीचा डबा होता. दर महिन्याला प्रत्येक घरातून एक रिंगिट त्यात पडायचा. त्यातून कफन आलं, फळ्या आल्या, कबर खणणाऱ्यांची मजुरी गेली, तिसऱ्या दिवसाच्या जेवणाचा भात शिजला. त्यापुढं काही नव्हतं. मेक याहनं नवऱ्याला बोल लावला नाही. एक गोष्ट तेवढी तिच्या ध्यानात राहिली. विमेवाल्याला हसून वाटेला लावणाऱ्या दोलाहनं त्या डब्यात मात्र एकोणीस वर्षं, एकही महिना न चुकता, रिंगिट टाकला होता.

दोन वर्षांनी कोता बारूत तकाफुलचं कार्यालय निघालं. शरीयतच्या नियमांनी चालणारा विमा, असं लोक सांगत. एजंट हवे होते, बायका चालतील असं पाटीवर लिहिलं होतं. मेक याहनं आठवडाभराचं शिक्षण घेतलं. शिकवणारा तरुण सुटाबुटातला होता आणि अरबी शब्दांची खैरात करायचा. व्याज नको, जुगार नको, कशाचे पैसे दिले ते धड कळत नाही असा सौदा नको. हप्त्यातला एक भाग प्रत्येकानं दान म्हणून एका सामाईक निधीत टाकायचा, आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचं. कंपनी राखणदार, तिला राखणदारीचा मेहनताना. दारूच्या नि जुगाराच्या धंद्यात पैसा गुंतवायचा नाही. वर्षाअखेर निधीत उरलंच तर सभासदांना काही परत.

जेवणाच्या सुट्टीत ती त्या तरुणाला म्हणाली, "म्हणजे आमच्या मशिदीतला डबाच की. तुमचा जरा मोठा आहे, इतकंच."

"अगदी तेच," तो म्हणाला. "पण परीक्षेत असं लिहू नका."

शेवटच्या दिवशी दुपारून वारसनोंदीचे नियम शिकवायचे होते. धाकट्याला ताप होता म्हणून मेक याह तीनच्या बसनं घरी आली. दुसऱ्या दिवशी तिचं प्रमाणपत्र पोस्टानं रवाना झालं.

आधी ती तोक गुरूंकडे गेली. गावच्या धार्मिक शाळेचे ते म्हातारे शिक्षक. विमा हराम, असं ते वीस वर्षं सांगत आले होते. त्यांनी तिचे कागद चष्म्याजवळ धरून वाचले.

"यात खोट दिसत नाही," ते म्हणाले. "पण मी घेणार नाही. माझा भरोसा अल्लाहवर आहे."

"मग मशिदीच्या दाराला कुलूप कशाला लावता, तोक गुरू?"

"दोलाह तुला कसं सहन करायचा गं?" असं म्हणून त्यांनी कागद परत दिले. त्यांनी विमा कधीच घेतला नाही. पण पुढच्या शुक्रवारपासून विमा हराम म्हणायचं त्यांनी सोडलं, आणि मेक याहला तेवढं पुरलं.

पहिल्या वर्षी तिला चारच गिऱ्हाइकं मिळाली. हळूहळू वाढली. सगळे धर्मासाठी येतील असं तिला वाटलं होतं. तसे आलेही. शाळेतला एक मास्तर आधीच्या कंपनीची पॉलिसी मोडून आला. त्याला त्या पैशाची दहशत बसली होती. म्हणे, मुलाच्या वह्या त्यातून घेतल्या तर अक्षरसुद्धा वाईट येईल. पण पोस्टमन आला तो बायकोच्या कटकटीनं. तंबाखूच्या गोदामातली पाच माणसं आली ती पहिल्या माणसानं घेतला म्हणून. दाईनं घेतला, कारण मेक याह उन्हातून सायकल मारत तिसऱ्यांदा आली होती आणि तिला नाही म्हणायचा दाईला कंटाळा आला होता.

आणि लिम बून तियोंग, चिनी माणूस. मासळीचा बर्फ वाहणारे त्याचे दोन ट्रक होते. तो स्वतःहूनच तिच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"मेक, वर्षभर ट्रक कुठं धडकला नाही तर तुमच्यात काही परत मिळतं म्हणे?"

"निधीत उरलं तर मिळतं. पण लिम, हा शरीयतचा विमा आहे."

"ट्रकला कुठं ठाऊक आहे?" लिम म्हणाला. "माझी सध्याची कंपनी बारा वर्षं घेतेच आहे. एकदा आभारसुद्धा मानले नाहीत. द्या कागद."

मेक याहला ते थोडं लागलं. ती पुण्याचं काम समजून करत होती आणि हा त्यात सवलत शोधत होता. तिनं कागद दिला. पुढं लिम तिचं सर्वांत नियमित गिऱ्हाईक ठरला, हेही खरं.

जुसोह या सगळ्यांहून निराळा होता. तो होड्या बांधायचा. किनाऱ्यावर माडाच्या झावळ्यांच्या छपराखाली त्याचा कारखाना होता, होड्यांच्या अंगावर फुलं-पानं रंगवण्यात त्याचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर कुणी नव्हता. मेक याह गेली तेव्हा तो एका होडीच्या नाकाडावर लाल रंग भरत होता. शहरातल्या एका कंपनीची पॉलिसी त्याच्याकडे आधीच होती. त्याची बायको झाबेदाह तिथंच नारळ सोलत बसली होती.

"आहे ते चांगलं चाललंय," झाबेदाह म्हणाली. "उगीच कशाला बदलायचं?"

जुसोहनं ब्रश खाली ठेवला नाही. "मेक याह, मला एक सांगा. मी हप्ता भरला आणि वर्षभर मला काही झालं नाही. तर माझे पैसे कुठं गेले?"

"निधीत. त्यातून ज्याला गरज पडली त्याला गेले."

"म्हणजे कुणातरी माणसाला?"

"माणसालाच. कुणाच्या बायकोला, कुणाच्या पोरांना."

"शहरातल्या माणसाला मी हेच विचारलं होतं. तो म्हणाला, तो कंपनीचा हिशेब आहे, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता." जुसोहनं एक पाकळी पुरी केली. "मला ताप करून घ्यायचाय. द्या कागद."

वारस म्हणून त्यानं झाबेदाहचं नाव लिहिलं. मेक याहनं बोट ठेवलं तिथं सही केली.

त्यानंतर दर वर्षी हप्त्याच्या वेळी तो एकच प्रश्न विचारी, "यंदा कुणाला गेले?" पहिल्यांदा मेक याहला उत्तर देता आलं नाही. तिनं कोता बारूला जाऊन कार्यालयातल्या बाईचं डोकं खाल्लं. नावं सांगता येत नाहीत, बाई म्हणाली, पण माचांगकडचा एक लॉरीवाला होता, चार मुलं आहेत. मेक याहनं ते जुसोहला सांगितलं. त्याला फार बरं वाटलं. कॉफीच्या टपरीवर तो सांगत सुटला, "माचांगला माझी चार पोरं आहेत." झाबेदाहला हे तिसऱ्या तोंडून कळलं, तेव्हा दोन दिवस त्यांच्या घरात चूल धड पेटली नव्हती. पुढल्या वर्षी गेले तुंपातच्या एका विधवेला, त्याच्या पुढल्या वर्षी घर जळालेल्या एका शिंप्याला. सात वर्षांत सात माणसं. जुसोहला सगळी पाठ होती.

आठव्या वर्षी, डिसेंबरच्या वादळी दिवसांत, होड्या डागडुजीसाठी वर ओढलेल्या असताना, ओल्या वाळूत एक टेकण सरकलं. जुसोह होडीखाली होता. इस्पितळात तो दोन दिवस जगला. मुलगी सुरया तेव्हा पंधरा वर्षांची होती.

कागदपत्रं मेक याहनंच धावपळ करून पुरी केली. महिन्याभरात चेक आला. तो घ्यायला ती कोता बारूला गेली. टेबलावरच्या बाईनं चेक पाकिटात घालून दिला आणि म्हणाली, "वाटपाचं त्यांना नीट समजावून सांगा हं."

"कसलं वाटप?"

बाईनं चष्म्यावरून पाहिलं. "वारसाचं नाव फक्त ताबा घेण्यापुरतं असतं. पैसे त्यांनी शरीयतप्रमाणे वारसांत वाटायचे. मयताचे आईवडील आहेत?"

"नाहीत. बायको आणि एक मुलगी."

"भाऊ?"

मेक याहनं मान हलवली. भाऊ होता. थोरला, अवांग. बापाच्या जमिनीवरून दोघांचं फाटलं त्याला अकरा वर्षं झाली होती. त्यानंतर दोघे एका टपरीवर कॉफीसुद्धा प्यायले नव्हते. मयतीला तो आला, मातीला हात लावला, आणि कुणाशी न बोलता निघून गेला.

"मग आठ वाटे करायचे," बाई म्हणाली. "बायकोचा एक, मुलीचे चार, भावाचे तीन. हे तर शिक्षणात सांगतात ना?"

बसमध्ये तासभर मेक याहच्या मांडीवर ते पाकीट होतं. चेकवर झाबेदाहचं नाव होतं. बँक तिलाच पैसे देणार होती. वाट्यांचं गावात कुणाला माहीत नव्हतं, अवांगलाही नाही. पाकीट झाबेदाहच्या हाती देऊन कॉफी पिऊन निघून आलं, तर कुणी काही विचारणार नव्हतं. हे तिला दिसत होतं. बाचोक येईपर्यंत तिनं ते बरेचदा पाहिलं.

झाबेदाहनं चेक दोन्ही हातांनी धरला. "माझं नाव आहे," ती म्हणाली.

"आहे. पण सगळे पैसे तुझे नाहीत." मेक याहनं एका दमात सांगून टाकलं. "आठ वाटे करायचे आहेत. एक तुझा, चार सुरयाचे."

"पाच झाले."

"तीन अवांगचे."

"कोण अवांग?" झाबेदाहनं असं विचारलं जसं काही गावात पन्नास अवांग होते. मग तिचा आवाज चढला. "अकरा वर्षं ज्यानं माझ्या पोरीकडं मान वळवून बघितलं नाही, तो? जुसोहनं पाठ मोडून भरलेले हप्ते त्याला?"

"शरीयतचा नियम आहे."

"सही घेताना सांगितलं होतं तुम्ही?"

"नाही."

"जुसोहला ठाऊक होतं?"

"माहीत नाही. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, दाह. शिकवलं त्या दिवशी मी लवकर निघून आले होते."

"शहरातल्या कंपनीत सगळं मलाच मिळालं असतं."

"तिथले नियम मला ठाऊक नाहीत. इथले आज कळले."

झाबेदाहनं चेक घडी करून ब्लाउजमध्ये खोचला. "तुमची नेक कंपनी!" ती म्हणाली. "कॉफी आज नाही मिळायची."

त्या महिन्यात मेक याहची सहा गिऱ्हाइकं सुटली. झाबेदाहनं काही लपवून ठेवलं नव्हतं. विहिरीवर, मासळीच्या लिलावात, सगळीकडे तेच बोलणं. मेक याहनं कुणाला खुलासा दिला नाही. विचारलं तर म्हणायची, "खरं आहे. मी सांगायला हवं होतं." सातवं गिऱ्हाईक हे ऐकून विमा न मोडताच परत गेलं, पण का ते त्यानं सांगितलं नाही.

पाच आठवडे झाबेदाह मेक याहकडे फिरकली नाही. ती तोक गुरूंकडे गेली होती, असं मेक याहला नंतर कळलं. म्हातारा आता अंथरुणाला खिळला होता. तिथं काय बोलणं झालं ते झाबेदाहनं तेव्हा सांगितलं नाही. मग एका शुक्रवारी सकाळी ती मेक याहच्या दारात आली. "चला. साक्षीला."

अवांग तंबाखू वाळवायच्या कोठाराच्या दारात बसून पानं काठीला बांधत होता. दोघींना बघून त्यानं सुतळी खाली ठेवली. भावजय पैसे मागायला आली असं त्याला वाटलं असावं, कारण त्याचा चेहरा आधीच आडमुठा झाला.

झाबेदाहनं पाकीट त्याच्या पुढ्यात ठेवलं. "आबे अवांग," थोरल्या दिराला म्हणतात तसं ती म्हणाली, "हे तुमचे तीन वाटे. जुसोहच्या विम्यातले."

"जुसोहनं माझं नाव लिहिलं होतं?"

"नाही. तो लिहिता तर मी फाडलं असतं. शरीयतनं लिहिलंय."

अवांग हे सोडून देईल या आशेनं मेक याह पुढं झाली. "अवांग, तुम्ही हक्क सोडू शकता. पोर लहान आहे. सही केलीत की..."

"का सोडू?" त्यानं तिला तिथंच तोडलं. "अल्लाहचं नाव घेऊन तुम्हीच हा विमा विकता ना? मग अल्लाहचा नियम आला की तुमचं तोंड वाकडं का होतं?"

अवांगनं पाकीट उचललं आणि कोठारात नेऊन ठेवलं. बाहेर येऊन सुतळी हातात घेतली.

"नियम सांगायचा तर पुरा सांगा," झाबेदाह म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तीन वाटे घेणाऱ्यानं पोरीचं बघायचं असतं. म्हणूनच भावाला देतात. तोक गुरूंनी सांगितलंय, मी नाही."

"मला ठाऊक आहे," अवांग म्हणाला आणि पान बांधायला लागला.

परत येताना वाटेवर झाबेदाह थुंकली. त्या पैशातून अवांगनं कोठाराचं छप्पर नवीन केलं. गावानं ते बघितलं आणि नावं ठेवली. भाताच्या काढणीनंतर मात्र जुसोहच्या घराच्या पायरीवर तांदळाचं एक पोतं आढळलं. दुसऱ्या वर्षी दोन. तो वर चढत नसे, हाकही मारत नसे. सुरयाला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं तेव्हा तिची पत्र्याची पेटी त्यानंच आपल्या टेम्पोतून कोता बारूला पोचवली, आणि वाटेत एकदाच बोलला, "टायर नवे आहेत, भिऊ नकोस." झाबेदाहनं त्याचे आभार मानले नाहीत. पण ईदला त्याच्याकडे डबा जाऊ लागला.

दहा वर्षांनी कायदा बदलला. आता नवरा हयातीतच लिहून देऊ शकत होता की हे पैसे मेल्यावर बायकोला भेट म्हणून मिळावेत, म्हणजे त्यांचे वाटे होत नाहीत. कंपनीनं एक पत्रक छापून सगळ्यांना पोस्टानं पाठवलं. मेक याहची साठी उलटली होती, गुडघे दुखायचे. तरी तिनं आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी काढली आणि मुलाची स्कूटर घेऊन निघाली. दोनशे चौदा घरं होती. प्रत्येक घरी नवरा-बायको दोघांना समोर बसवायचं, वाटे बोटांवर करून दाखवायचे, आणि मग विचारायचं. पोस्टमननं सगळं बायकोला लिहून दिलं. मास्तरानं दिलं नाही. म्हणाला, माझी बहीण विधवा आहे, तिचा वाटा राहू दे. त्याच्या बायकोनं कप जरा जोरात ठेवला. लिमला यातलं काही लागू नव्हतं, तरी त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यंदा परत किती मिळणार?"

झाबेदाह यादीत नव्हती. तिनंच मेक याहला रस्त्यात अडवलं. ती आता बाजारात शिजवलेला भात नि आंबवलेल्या मासळीचं बुडू विकायची, हाताखाली दोन बायका होत्या.

"मला घ्यायचाय," ती म्हणाली. "आजारपणाचा."

मेक याहला स्कूटर बंद करायचं सुचलं नाही. "माझ्याकडून?"

"दुसरीकडचा एक पोरगा आला होता. एसीतल्या दुकानात बसवलं मला. गोड बोलत होता, सगळं सगळं मिळेल म्हणाला. काय मिळणार नाही म्हणून विचारलं तर कॉफी मागवायला लागला."

"माझ्यावरचा राग?"

"तो आहे. त्याचा इथं काय संबंध? चेक तुम्ही माझ्या हातात देऊन निघून जाऊ शकत होता. मला जन्मात कळलं नसतं." तिनं डोक्यावरचं फडकं नीट केलं. "आणि यातले पैसे मला नाही लागले तर कुणातरी माणसालाच जातात ना अजून?"

"जातात."

"मग आता सगळं वाचून दाखवा. शेवटच्या पानापासून."

बाजारातल्या बाकावर त्या दोघी बसल्या. वारसाच्या कलमाशी झाबेदाहनं तीनदा थांबवलं. मधे गिऱ्हाइकं येत, ती उठून भात वाढून येई आणि परत विचारी, "हां, कुठं होतो?" दुपार झाली तेव्हा सही झाली. मेक याहनं कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, झाबेदाहनं तिच्यासमोर भाताची पुडी ठेवली आणि पैसे घ्यायला नकार दिला. यादीतली अठ्ठावन्न घरं अजून राहिली होती. त्यातली तीन बाचोकच्या वाटेवर होती, म्हणून मेक याह जेवून तिकडेच निघाली.